कल म्हणजे कोणती

मास्तर,

स्टेशनासमोरच्या हॉटेलात परवापासून एक पाटी लागली आहे. 'येथे राजकारण व लोखंडी माणूस या दोन विषयांवर बोलण्यास सक्त मनाई आहे.' वर उर्दूत, खाली मराठीत. माझी तक्रार तुम्ही नोंदवून घ्यावी, कारण ती नोंदवून घेणारं गावात आता दुसरं कुणी नाही. राजकारणाचं मी समजू शकतो. दिवसच तसे आहेत. स्वातंत्र्य मनमाडपर्यंत येऊन थांबलंय, पुढं आपल्या निजामी हद्दीत शिरायला त्याला परवाना मिळत नाहीये, आणि गल्ल्याजवळच्या बाकड्यावर जो माणूस रोज दोन तास एकच कप पीत बसतो तो चहासाठी येत नाही हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण सिनेमातल्या त्या लोखंडी माणसानं सरकारचं काय बिघडवलं? सोळा वर्षं आम्ही त्याच्यावर भांडतोय. माझ्यासारख्या सभ्य रयतेचा तो वहिवाटीचा हक्क आहे. काल मी गुमान चहा प्यालो, काढा प्याल्यासारखा. चार मिनिटांत संपला. हॉटेलवाल्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, तुमी एका कपावर दीड तास बोलता. परवा बशी फुटली. त्या लोखंड्यापायी माझी चिनीमाती चाललीय."

हे तुम्हाला कळवतोय कारण भांडण तुम्ही लावलंत. लावलंत आणि दहा वर्षांपूर्वी मरून मोकळे झालात. माणसानं मरण्यापूर्वी निदान स्वतःच्या वाक्याचा अर्थ सांगून जावा, एवढी शिस्त जन्मभर दुसऱ्यांच्या वाक्यांचं पृथक्करण करणाऱ्याकडून अपेक्षित होती. मी तुमच्यावर आजवर बरंच लिहिलंय. पुण्याच्या एका साप्ताहिकात दर महिन्याला माझा एक टोमणेवजा लेख येतो, त्यातला फेटा घट्ट बांधलेला आणि डोकं सैल असलेला हेडमास्तर तुम्हीच, हे परभणीत सगळ्यांना माहीत होतं. तुम्हालाही होतं. तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. मला तेही आवडलं नाही.

सोळा वर्षांपूर्वी सिनेमाचा तंबू आला तो मोंढ्यापलीकडच्या मैदानात. हैदराबादेत तोवर बोलका सिनेमा सुरू झाला होता म्हणत, आमच्याकडं मुकाच फिरत होता, आणि तोही अर्धामुर्धा. या खेळाचं पहिलं रीळ पाथरीत जळालं होतं. त्यामुळं त्याचं नाव काय, कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही. चित्रांच्या मधेमधे येणारी मजकुराची कार्डं सगळी इंग्रजी. तंबूवाला तुमच्या दारात आला आणि हात जोडून म्हणाला, "मास्तरसाब, जरा पढ के सुनाओ. पब्लिक कुछ समझती नै, कुर्सियां तोडती." तुम्ही तयार झालात. जिल्ह्यात तुमच्याइतकं इंग्रजी येणारे दोनच, एक तुम्ही आणि दुसरे अव्वल तालुकदार, आणि जिल्ह्याचा हाकिम काही तंबूत उभा राहून कार्डं वाचणार नव्हता. तो पुढच्या खुर्चीवर बसला होता.

दिवेलागण झाली आहे. पडदा ओला केलाय. स्वस्तातलं तिकीट पडद्याच्या मागच्या बाजूला, तिथं बसलेल्यांना सगळं उलटं दिसतंय. (लोखंडी माणूस डावखुरा की उजवा, यावर पुढं चार वर्षं भांडण झालं आणि कोण कुठं बसलं होतं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.) बायका एका कडेला कनातीच्या आडोशाला. तुम्ही पडद्याशेजारी उभे, हातात छडी, जणू आम्ही सगळे तिसरीतले. प्रत्येक कार्ड तुम्ही आधी तालुकदारसाहेबांचा मान म्हणून उर्दूत सांगायचात, मग आमच्यासाठी मराठीत. मी चौथ्या बाकावर. मॅट्रिक होऊन सहा महिने झालेले, हैदराबादच्या कॉलेजचा अर्ज तयार, त्यावर फक्त तुमची शिफारस हवी होती. तोवर तुमच्या वह्या तपासून देत होतो आणि तुमच्या मताविरुद्ध खोकतही नव्हतो.

खेळ साधा होता. बर्फाच्या गावातला एक म्हातारा शास्त्रज्ञ. लढाई होते. एक तार येते. म्हातारा दार लावून घेतो, तळघरात महिनोन्महिने ठोकाठोक, आणि एक दिवस तिथून लोखंडाचा माणूस वर येतो. तो म्हाताऱ्याला चहा ओतून देतो. पावसात त्याच्यावर छत्री धरतो. शेजारी घाबरतात, मग चिडतात, मग मशाली घेऊन दारात येतात. म्हातारा लोखंडी माणसापुढं हात पसरून उभा राहतो, लोकांना काहीतरी ओरडून सांगतो. कार्ड येतं. त्यानंतर रीळ संपलं, पडदा पांढरा झाला. बस, एवढंच.

ते कार्ड चार शब्दांचं होतं. 'तो माझा मुलगा आहे.' इतकं सोपं इंग्रजी तर तुम्ही आम्हाला पाचवीत शिकवलं होतंत. आणि तुम्ही, तासभर न अडखळता वाचणारे, थांबलात. मशीनवाल्यानं हँडल हळू केलं तरी तुम्ही गप्प. मग म्हणालात, "यह कल का आदमी है." तेवढंच. मराठी केलंतच नाही.

मी उठलो. इंग्रजीत म्हणालो, "सर, द कार्ड सेज, ही इज माय सन." तालुकदारसाहेबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तुम्ही नाही पाहिलंत. छडी पडद्याच्या खांबावर आपटून म्हणालात, "खाली बस. अक्षरं गाढवालाही ओळखता येतात." अख्खा तंबू हसला. मागच्या बाजूचे, ज्यांना कार्डं उलटी दिसत होती, ते तर सगळ्यांत जास्त हसले.

तिसऱ्या दिवशी मी अर्ज घेऊन शाळेत आलो. तुमच्या खोलीत ती फायलींच्या आणि ओल्या खडूच्या वासाची थंडी. तुम्ही सही केलीत आणि कागद परत सरकवलात. 'विद्यार्थ्याचे वर्तन' हा रकाना कोरा.

"मास्तर, हे राहिलं."

"राहिलं नाही."

"काहीतरी लिहायला पाहिजे ना."

"त्या रकान्यात मी खोटं लिहीत नसतो."

चारशे माणसांपुढं खोटं वाचून तुम्हाला जेमतेम दोन दिवस झाले होते. कोऱ्या रकान्याचा अर्ज हैदराबादला गेला आणि तसाच परत आला. पुढच्या वर्षी तुम्ही एका सावकाराच्या पोराला त्याच रकान्यात 'अत्युत्तम' लिहून दिलंत, ज्याच्या वहीतलं प्रत्येक उत्तर माझ्या वहीतून गेलेलं होतं. तो आता कुठल्याशा महकम्यात मोठा अंमलदार आहे. मी कचेरीबाहेरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून अर्जनवीस झालो. लोकांच्या तक्रारी, हुजुरांच्या सेवेशी, अर्जदार गरीब असून. म्हणून माझी भाषा ही अशी झाली. तिचा दोष मी स्वतःकडं घेत नाही.

आणि इकडं तुमचं वाक्य गावात मोकाट सुटलं. सबंध खेळभर तुम्ही 'लोहे का आदमी' म्हणत होता, शेवटी एकदम 'कल का' का म्हणालात? कचेरीतला पेशकार, ज्याचं उर्दू फार नाजूक आहे, म्हणाला कल म्हणजे आनेवाला कल, उद्या. हा उद्याचा माणूस, पुढं सगळे असेच होणार. जिनिंग फॅक्टरीतला फिटर म्हणाला कल म्हणजे काल. कालचा माणूस म्हणजे मेलेला, म्हणजे भूत. आणि ज्यांना कलपुर्जे हा शब्द ठाऊक होता ते म्हणाले, अहो, कल म्हणजे यंत्र, यंत्राचा माणूस, सरळ गोष्ट आहे. सरळ गोष्ट म्हणणाऱ्यांचा पक्ष सगळ्यांत लहान राहिला, तसा तो नेहमीच राहतो.

"मी पंधरा वर्सं जिनात हाय," फिटर बशीत फुंकत म्हणायचा. "तेलाबिगर एक चाक फिरत न्हाई. त्या लोखंड्याला कुनी एकदा तरी तेल दिल्यालं दिसलं का? न्हाई. मंग त्यो मशीन न्हाई. भूत हाय."

"अरे, उद्या तेल लागणारच नाही," पेशकार म्हणायचा. "म्हणून तर तो उद्याचा."

"उद्या तेल लागनार न्हाई, मंग मी काय खाऊ?"

"तेच तर खेळात सांगितलंय."

"मला न्हाई सांगितलं. मास्तरला सांगितलं असंल."

एकदा फिटरनं तुम्हाला रस्त्यात गाठून विचारलं होतं. मी समोरच्या पानपट्टीवर होतो, ऐकलंय. "मास्तर, कल म्हंजे कंची कल?" आणि तुम्ही चालता चालता म्हणालात, "जी तुला कळेल ती." तो दोन वर्षं ते वाक्य मंत्रासारखं सांगत फिरला. मी तेव्हाच ओळखलं की हे शहाणपण नाही, पळवाट आहे. मी हॉटेलात कितीदा सांगितलं, बाबांनो, कार्डावर तसं काही नव्हतंच, मी वाचलंय. तर पेशकार माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "तुला मास्तरांपेक्षा जास्त इंग्रजी येतं होय? मग कॉलेजात का नाही गेलास?"

तुम्ही गेलात तेव्हा मी मसणवटीपर्यंत आलो होतो, लोकांच्या मागं. खांदा दिला नाही.

आता इथून पुढचं लिहायला मला कंटाळा येतोय, पण लिहितो. गेल्या बुधवारी काकूंचा, तुमच्या मंडळींचा, निरोप आला. त्या वाशीमला भावाकडं चालल्यात. बरीच मंडळी अशी वऱ्हाडात चाललीयत, रातोरात काय होईल सांगता येत नाही म्हणून. मला वाटलं पुस्तकं न्यायला बोलावलं असेल, आणि ती न घेण्याचं मी वाटेतच ठरवलं होतं. काकू स्वैपाकघरात बसल्या होत्या. चुलीजवळ तीन गाठोडी, चौथं बांधणं चालू. फडताळ रिकामं, नुसते डब्यांचे गोल डाग. इतक्या वर्षांत मी त्या घराच्या ओटीपलीकडं पाऊल टाकलं नव्हतं.

"बस. पाट न्हाई, गाठोड्यात गेला," त्या म्हणाल्या. "तू यांच्यावर लिहितोस ते मला वाचून दाखवायचे बरं का."

मी तसाच जमिनीवर बसलो.

"हसायचे. फेटा घट्ट म्हणतो, म्हणायचे. बरोबरय, घट्टच बांधायचे." त्यांनी गाठीवर गुडघा टेकवून ती आवळली. "तुला एक विचारायचंय. विचारू विचारू म्हणता राहून गेलं, आता मी कुठं परत यायलेय. त्या शिनेमाच्या दिवशी मी कनातीच्या आड होते. चित्र अर्धंच दिसायचं, मधे खांब. यांचा आवाज तेवढा नीट यायचा. शेवटी हे काहीतरी हिंदुस्तानीत बोलले आणि तू उठून इंग्रजीत बोललास. त्या दिवशी घरी येऊन हे जेवले न्हाईत. दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. मी विचारलं तर म्हणाले, त्या पोरानं आगाऊपणा केला. काय म्हणाला होतास रे तू?"

मी गाठोड्याकडं पाहत राहिलो. आणि मला तो सकाळचा तास आठवला, मास्तर, जो मी कुठल्याच लेखात घातला नाही, कारण त्यात तुमची थट्टा करता येईना. त्या खेळाच्या आदल्या वर्षीचा. तुम्ही कर्मणी प्रयोग शिकवत होतात. शिपाई तार घेऊन आला. तुम्ही उघडली, वाचली, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि 'रामाकडून रावण मारला गेला' हे वाक्य पुरं केलंत. मग आणखी नऊ वाक्यं. घंटा झाल्यावर आम्हाला कळलं की तुमचा मुलगा हैदराबादच्या वसतिगृहात विषमज्वरानं गेला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. एकुलता. दगडाचा माणूस, असं गाव म्हणालं तुम्हाला. मीही म्हणालो. काकू मात्र वर्षभर दाराबाहेर पडल्या नव्हत्या, हे आम्हाला माहीत होतं. शेजारणींनी हाताला धरून त्यांना पहिल्यांदा बाहेर काढलं ते त्या तंबूत, जरा मन रमेल म्हणून.

सोळा वर्षं या दोन गोष्टी, ती तार आणि ते कार्ड, माझ्याकडं होत्या. एक या खिशात, एक त्या. माणूस चिडलेला असला की त्याला स्वतःचे खिसेही सापडत नाहीत.

"सांग की," काकू म्हणाल्या. "एक शब्द मला लागला होता तेवढा. सन. सन म्हणालास. सालाबद्दल काही विचारलंस का?"

मास्तर, शब्दानंच मला वाट करून दिली, मी काही फार हुशारी केली नाही.

"हो काकू," मी म्हणालो. "हा खेळ कोणत्या सनातला, असं विचारलं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग त्यात रागवायसारखं काय झालं?"

"मधेच बोललो ना."

"हां. मधे बोललेलं त्यांना खपायचं न्हाई." मग गाठोडं बाजूला सारून म्हणाल्या, "आणि सांगितलं न्हाई ना तुला सन? म्हंजे त्यांनाच ठाऊक नसणार. ठाऊक न्हाई म्हणायला जीभ रेटायची न्हाई त्यांची, म्हणून तुझ्यावर ओरडले. मी ओळखते." आणि त्या हसल्या, तुमच्यावर, अगदी पोटातून. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की काहीतरी मोठं घडलं आणि ते त्यांच्यापासून लपवलं गेलं. ते एवढंसं निघालं. मला म्हणाल्या, चहा घे, साखर बांधून ठेवलीय, गुळाचा चालेल का. मी गुळाचा घेतला. शेवटच्या गाठोड्याची गाठ मी मारून दिली. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

आता यावरून तुम्ही असं समजू नका की आपलं मिटलं. तुम्ही मला दुसऱ्या दिवशी खोलीत बोलावून एक वाक्य सांगू शकत होतात. तुमची बायको तिथं बसली आहे एवढं मला समजलं असतं. मी वीस वर्षांचा होतो, बैल नव्हतो. ते न सांगता तुम्ही माझा रकाना कोरा ठेवलात आणि सावकाराच्या पोराचा भरलात. दुःख झालेला माणूस क्षुद्र असू शकत नाही असा काही नियम व्याकरणात नाही, आणि तुम्ही दोन्ही होता. त्या रकान्याचं माझ्याकडून माफ नाही. पुढच्या महिन्याच्या लेखात हेडमास्तर येणारच आहे.

हा कागद टपालात टाकायचा प्रश्नच नाही. वाशीमच्या पत्त्यावर पाठवला तर काकू शेजारच्या कुणाकडून वाचून घेतील, आणि चुलीतही घालवत नाही. अर्जांच्या दप्तरात सगळ्यांत खाली ठेवतो. पण लिहायला बसलोच आहे तर एक कबूल करतो, कारण ते हॉटेलात सांगण्यासारखं नाही. त्या दिवशी मी खऱ्यासाठी उठलो नव्हतो. खऱ्यासाठी उठलो असतो तर मराठीत बोललो असतो, सगळ्यांना कळेल असं. तालुकदारसाहेबांना ऐकू जावं, त्यांनी मान वळवून बघावं, म्हणून इंग्रजीत बोललो. माझ्या त्या फुशारकीमुळंच कनातीपलीकडं काही पोचलं नाही. मला चार शब्द बरोबर वाचता येत होते एवढंच. कार्ड तुम्ही नीट वाचलंत.